पान दोनशे चौदावरचा अंगठा

३ जून

प्रिय अंगठेबहाद्दर,

पत्राची सुरुवात तुझ्या तब्येतीपासून करायला हवी, कळतंय मला. पण आज ते होणार नाही. सकाळी चहा घेताना पेपरात वाचलं की तुमच्या दफ्तरखान्यातल्या जुन्या वह्या, पत्रं, नोंदी आता सगळ्या कॉम्प्युटरवर चढणार. शाळांना फुकट, संशोधकांना फुकट, ज्याला काही उद्योग नाही त्यालाही फुकट. आणि पहिल्या पन्नास वह्यांच्या यादीत माझी मेट्रन! चहा तसाच निवून गेला. तू तिथे स्कॅनिंगला आहेस, म्हणजे तुला हे महिनाभर तरी माहीत असणार. सख्ख्या मावसबहिणीला पेपरातून कळावं का गं हे?

मेट्रनची रोजनिशी माझी कोण लागते हे तुला वेगळं सांगायला नको, तरी सांगते. अकरा वर्षं मी शाळेची प्रत्येक सुट्टी तुमच्या वाचनकक्षात काढली. खिडकीजवळची तिसरी खुर्ची. तिथे पेन चालत नाही म्हणून पेन्सिल, आणि तिला टोक करायचं तर बाहेर व्हरांड्यात जायचं. मुलं मामाकडे गेली, हे एकटेच हिंडून आले, मी आपली शंभर वर्षांपूर्वीच्या त्या साथीच्या इस्पितळात. खाटा भरल्यावर बाहेरचं एकही माणूस आत घ्यायचं नाही असा वरचा हुकूम असताना त्या बाईनं तापानं फणफणलेल्या मुलासाठी फाटक उघडलं, हे जगाला कुणी सांगितलं? मी सांगितलं. ‘मी फाटक उघडले’ हे माझं एकुलतं एक पुस्तक. त्याचा उतारा मी शिकवते त्या इयत्तेच्या मुलांना पाठ्यपुस्तकात धडा म्हणून आहे. दर वर्षी कुणी ना कुणी माझा पत्ता शोधत येतं, मी कपाटातून माझ्या सात वह्या काढते, आणि ते माणूस समोर बसून लिहून घेतं.

आता कशाला येईल कुणी? घरबसल्या चिवडा खात मेट्रन वाचतील.

ते असो. पानं फार नाजूक आहेत, शिवण कुजायला आलीय. तुमच्या प्रमुख बाईंच्या कानावर घाल की ही वही आणखी दोनतीन वर्षं राहू दे. मी हे निव्वळ वहीच्या काळजीपोटी लिहितेय.

तुझी ताई

११ जून

तीन महिन्यांनी थोरल्या असलेल्या ताईस तीन महिन्यांपुरता नमस्कार,

तुझं पत्र वाचून मला हसू आलं, मग राग आला, मग परत हसू. फोन करणार होते, पण फोनवर तू भांडतेस. पत्रात निदान शुद्धलेखन तरी सांभाळतेस.

वहीच्या काळजीपोटी म्हणे! अगं, वहीची काळजी करायला इथे मी आहे. आमची खोली बघितलीस का कधी? अकरा वर्षं वरच्या मजल्यावर बसलीस, तळमजल्यावर एकदा डोकावली नाहीस. काळा पडदा, काळं टेबल, दोन बाजूंनी दोन दिवे, वर कॅमेरा. वही ठेवायला पाळण्यासारखी खाचेची चौकट. पान उलटायचं, दाबायचं, पायानं खटका मारायचा, पुढचं पान. दिवसाला तीनशे. पान उसळी घेत असेल तर पारदर्शक पट्टीनं दाबायचं. बोट दिसलं तर चित्र बाद. बारा वर्षं मी हे करतेय आणि दर दोन वर्षांनी नवा करार. या सप्टेंबरअखेर एक जागा कायम होणार आहे. प्रमुख बाई म्हणाल्या, तुमचंच नाव पुढे आहे. तर देव पाण्यात घालून बसलेय.

आता मनातलं सांगू? मला तुझा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, वाटतोच. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत मी दोनदा आपटले आणि तू माझं नाव अंगठेबहाद्दर ठेवलंस, ते पंचवीस वर्षांनी अजून पाकिटाच्या आतल्या बाजूला येतं. तू पुस्तकवाली झालीस. त्या पुस्तकाच्या ऋणनिर्देशात चव्वेचाळीस नावं आहेत, मी मोजलीत. वाचनकक्षातला शिपाई आहे. पेन्सिली देणारा दुकानदार आहे. ‘हस्तलिखितावर बसून राहणारी आमची मनी’ आहे. अकरा वर्षं प्रत्येक सुट्टीत तू ज्या घरात राहिलीस आणि जिच्या हातचा डबा घेऊन वर गेलीस ती नाही. मांजराला जागा झाली, मला झाली नाही. हे मी आठ वर्षं गिळून बसले होते, आज बाहेर पडलं.

काम थांबवणं माझ्या हातात नाही. वही कालपासून माझ्याकडेच आहे. शिवण खरंच सैल झालीय, म्हणून बांधणीवाल्यांनी दोरा काढून दिलाय. एक विचारायचं होतं. पान दोनशे चौदा, डावं. ते तू वाचलंस तेव्हा वही किती उघडली होतीस?

तुझी
अंगठेबहाद्दर (हे शेवटचं)

२० जून

प्रिय हिला,

नवं नाव सुचेपर्यंत एवढंच.

ऋणनिर्देशाचं मनाला लावून घेतलंस, बरं झालं सांगितलंस. अगं, घरच्यांचे आभार मानायचे नसतात. मनीचं नाव गंमत म्हणून घातलं होतं. चव्वेचाळीस नावं मोजत बसलीस यावरून तुझ्या पोटात किती दुखत होतं ते दिसलं. मला कुणाचा हेवा वाटत नाही. हेवा वाटायला समोरच्याकडे आपल्यापेक्षा काही जास्त असावं लागतं.

तू विचारलंस म्हणून सांगते. वाचनकक्षाचा नियम आहे, वही उशीवर ठेवायची आणि काटकोनापेक्षा जास्त उघडायची नाही. मी अकरा वर्षांत तो नियम एकदाही मोडला नाही. आणि दोनशे चौदाच का विचारतेस? ते माझं पान आहे. ‘दुपारी फाटकाशी बाई आली. कडेवर मूल, तापाने लाल. तीनदा हाक मारली. मी फाटक उघडले’. आणि उजव्या पानावर पहिलीच ओळ, ‘मुलाचे नाव विचारायचे राहिले’. घाईघाईत आत घेतलं, नाव विचारायचंही भान राहिलं नाही, म्हणून तर इस्पितळाच्या नोंदबुकात त्या मुलाचं नाव सापडत नाही. माझ्या पुस्तकाचं सगळं घर या दोन ओळींवर उभं आहे. शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

तू दिवे, खटके, पट्ट्या बघ. मजकुराचं माझ्यावर सोड. ज्याचं काम त्यानं करावं.

तुझी ताई

९ जुलै

ताई,

चढली तुझी मेट्रन. गेल्या शुक्रवारपासून साइटवर आहे. पहिल्याच आठवड्यात नऊ हजार जणांनी उघडली. एका शाळेच्या मुलींनी तिच्या एका आठवड्याचं नाटक बसवलंय. एका डॉक्टरांनी तापाच्या नोंदींवरून तक्ता करून पाठवला. एक आजोबा लिहितात की त्यांची आई त्या इस्पितळात धुणं धुवायला होती, आणि पान त्र्याण्णववर तिचं नाव आहे. ते त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. त्यांचं पत्र प्रमुख बाईंनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

पेपरवाले आले होते. सोबत कात्रण ठेवलंय. मी वही धरून उभी आहे. साडी कुठली नेसावी हे दोन दिवस सुचत नव्हतं, आणि शेवटी फोटो काळापांढरा छापला.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलंय. फक्त एक सांगायचंय. साडेतीनशे पानांत एकच पान बिघडलंय. दोनशे चौदाच्या तळाला, शिवणीपाशी माझा अंगठा आलाय. तेवढं पोटात घाल. तू कुणाला बोलली नाहीस तर कुणाच्या लक्षात यायचं नाही. सप्टेंबरपर्यंत तरी नको.

तुझी

२५ जुलै

प्रिय बहाद्दर,

अभिनंदन, अभिनंदन! कात्रण मिळालं. ह्यांनी ते फ्रिजवर चिकटवलंय. दूध काढताना तू दिसतेस, दही काढताना तू दिसतेस. फोटोत छान आलीयेस, हनुवटी मात्र जरा वर. खाली लिहिलंय, ‘मेट्रनला जगासमोर आणणारे हात’. वाचून भरून आलं. मला वाटायचं तिला जगासमोर आणून आठ वर्षं झाली, पण पेपरात छापलंय म्हणजे खरंच असणार.

इकडे विशेष काही नाही. दोन संशोधक येणार होते ते आले नाहीत. साइटवर सगळं मिळालं, असं कळवलंय, आभारही मानलेत. माझ्या सात वह्यांना वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला घालून ठेवल्या.

तुमच्या साइटवर वाचकांनी आपलं म्हणणं कळवायला एक रकाना आहे ना? चांगली सोय आहे. दर्जा राहतो.

काळजी घे.

तुझी ताई

१२ ऑगस्ट

ताईस,

रकाना चांगला आहे. त्यात एक तक्रार आली. सही ‘एक दक्ष वाचक’. जशीच्या तशी उतरवते, कारण मला ती पाठ झालीय. ‘पान दोनशे चौदा (डावे) वर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा स्पष्ट दिसतो. अंगठ्याखाली, “उघडले” या शब्दानंतर, कोरी जागा असल्याने मजकुराची हानी झालेली नाही. तथापि राष्ट्रीय मोलाच्या ठेव्याबाबत अशी हयगय अक्षम्य आहे.’

प्रमुख बाईंनी बोलावलं. पट्टी हाताशी असताना अंगठा कसा आला, विचारलं. मी म्हटलं, घाई झाली. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. बारा वर्षांत माझं एकही चित्र बाद झालेलं नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण तक्रार लेखी आलेली, आणि कायम जागेचे कागद वर जायचे होते. जागा दुसऱ्या मुलीला गेली. चांगली मुलगी आहे, मीच शिकवलंय तिला. माझा करार सप्टेंबरअखेर संपतोय, पुढचा येईलसं वाटत नाही.

तक्रार कुणाची ते कळायला मार्ग नाही, असं बाई म्हणाल्या. ‘हयगय’ हा शब्द आपल्या घराबाहेर मी कुणाच्या तोंडी ऐकला नाही. दूध उतू गेलं की मावशी म्हणायची, आणि तिच्यानंतर तू. शिवाय त्या अंगठ्याखाली कोरी जागा आहे हे छातीठोक सांगू शकेल असं माणूस जगात एकच आहे.

आता नीट वाच. दोनशे चौदा परत स्कॅन होणार, ती नवी मुलगी करणार. दोन सप्टेंबरला नवं चित्र चढेल. तू ते आधी एकटीनं बघ. घरी, दार लावून. वर्गात उघडू नकोस. हे मी रागानं लिहितेय असं वाटेल तुला. राग आहेच, तरी ऐक.

६ सप्टेंबर

प्रिय,

मी ऐकलं नाही.

मला वाटलं तू कुढते आहेस. वाटलं, नवं पान स्वच्छ आलेलं बघवत नाही हिला. म्हणून मुद्दाम वर्गात उघडलं. माझ्याच पुस्तकातला धडा होता त्या दिवशी. प्रोजेक्टर मागवला, पडदे ओढले, भिंतीवर दोनशे चौदा लावलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमची साइट मुलांना दाखवत होते, आणि मनात म्हणत होते, बघा, अंगठा गेला आणि माझं पान आलं. मुलांना म्हटलं, मोठ्यानं वाचा. चाळीस मुलं एका सुरात वाचत होती. ‘तीनदा हाक मारली. मी फाटक उघडले नाही.’

त्यांनी सहज वाचलं गं. तिथे लिहिलेलंच होतं. दोरा काढलेला, पान सपाट पसरलेलं, आणि ओळीच्या शेवटी शिवणीत आजवर दडलेला तो शब्द. स्वच्छ, जाड, पुढे पूर्णविरामासकट. मी म्हटलं, तो शाईचा डाग आहे. दुसऱ्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, ‘बाई, डागाला काना असतो का?’ कुणी हसलंही नाही. पुस्तकात ‘उघडले’ आणि भिंतीवर ‘उघडले नाही’, मुलं एकदा खाली बघत होती, एकदा वर. मग उजव्या पानावरची ओळ कुणीतरी आपणहून वाचली. ‘मुलाचे नाव विचारायचे राहिले.’ घंटा व्हायला वीस मिनिटं होती.

आता तुला सांगते, आणि हे ह्यांनाही सांगितलेलं नाही. मला शिरोरेषा दिसली होती. ‘उघडले’च्या पुढे शिवणीत शिरणारी, गव्हाच्या दाण्याएवढी. काटकोनातूनही दिसायची. पहिल्या वर्षी मी शिपायाला म्हणणार होते, जरा जास्त उघडू द्या. म्हटलं नाही. नियम आहे, असं स्वतःला सांगितलं. पुढे पुस्तक झालं, धडा झाला, माणसं घरी येऊ लागली. मग तिकडे बघायचंच सोडून दिलं.

तक्रार मीच केली. फ्रिजवरचा तुझा फोटो बघून केली. तुझ्या हातात माझी वही होती आणि तू हसत होतीस, ते मला सहन झालं नाही. पोटात आग पडली होती, दुसरं कारण नाही. तुझी जागा जाईल हे माहीत नव्हतं असंही म्हणत नाही. तू सप्टेंबर म्हणाली होतीस, ते मी वाचलं होतं.

एक सांग. तू तो शब्द जूनमध्येच वाचलास. मग झाकलास का?

तुझी ताई

१५ सप्टेंबर

ताई,

झाकलास का, म्हणतेस. हे तू विचारावंस म्हणून मी तीन महिने थांबले होते, आणि आता नीट सांगता येत नाही.

दोरा निघाला, पान उघडलं, आणि ते ‘नाही’ समोर आलं. आधी मला आनंद झाला. लाज वाटतेय लिहायला, पण झाला. अकरा वर्षं, सात वह्या, चव्वेचाळीस आभार, आणि एक शब्द राहिला! तो वाचला कुणी, तर अंगठेबहाद्दरनं. मी खुर्चीत बसून एकटीच हसले. मग तुला विचारलं, वही किती उघडली होतीस. वाटलं, तू म्हणशील, का गं, काही दिसतंय का? मग सांगितलं असतं. तू लिहिलंस, मजकुराचं माझ्यावर सोड.

ते पत्र वाचून पुन्हा खाली गेले, पट्टी बाजूला ठेवली, अंगठा टेकवला आणि खटका मारला. तेव्हा माया होती. तुझं एकच पुस्तक आहे, ते कशाला बुडवायचं, असं वाटलं होतं. पण नुसती माया असती तर बरं. पुढचे दोन महिने तुझं अख्खं पुस्तक माझ्या अंगठ्याखाली होतं, आणि मला फार बरं वाटायचं. सकाळी साइट उघडून आधी दोनशे चौदा बघायची. तुझा हेवा वाटेनासा झाला होता.

आणि हे सगळं बघणाऱ्या नऊ हजार माणसांचं काय? ते आजोबा आईचं नाव बघायला आले, त्यांनीही ते पान उलटलं असेल. माझी जागा गेली ती ज्यानं-त्यानं काय समजायचं ते समजावं, पण गेली ती अन्यायानं गेली असं मी म्हणणार नाही. आमच्या कामात एकच पाप आहे आणि ते मी केलं.

मेट्रनचाच विचार येतो सारखा. तिला कोण बघत होतं? ती बाई मूल घेऊन निघून गेली. फाटकावर दुसरं कुणी नव्हतं. ‘मी फाटक उघडले’ एवढं लिहून तिनं वही मिटली असती तरी कुणाला कळणार नव्हतं. तिनं पुढचा शब्द लिहिला. तू तो बघितला नाहीस आणि मी तो झाकला.

राग गेलेला नाही. सुट्टीत माझ्याकडे येऊ नकोस.

२९ सप्टेंबर

प्रिय बहिणीस,

तुमच्या प्रमुख बाईंना पत्र टाकलं. दक्ष वाचक मी, अंगठ्याखाली काय होतं ते मला आठ वर्षांपूर्वीच दिसायला हवं होतं, असं नावानिशी लिहिलं. तुझी जागा परत मिळत नाही, असं उत्तर आलं. प्रकाशकांना पुस्तक थांबवायला सांगितलं. ते म्हणाले, बाई, नावात एक शब्द वाढवून नवी आवृत्ती काढू, जास्त खपेल. धडा बदलण्यासाठीही अर्ज केलाय. वर्गात चष्मेवालीला फळ्यापाशी उभी करून त्या दोन ओळींचा अर्थ तिच्याकडून सांगून घेतला. माझ्यापेक्षा चांगला सांगितला, आणि खरं बोलायचं तर तिचाही हेवा वाटला.

साइटच्या रकान्यात आणखी एक मजकूर भरलाय, या वेळी खाली माझी सही. दोनशे चौदाची दोन्ही चित्रं ठेवा म्हटलं, अंगठ्याचंही. पुढच्यांना कळू दे शब्द कसा दडतो ते. नवं पुस्तक लिहीन तेव्हा ऋणनिर्देशात पहिलं नाव तुझं. मनी चव्वेचाळिसावी.

तू येऊ नकोस म्हणालीस. मी येत्या रविवारी येतेय, दुपारच्या गाडीनं. फाटकाशी उभी राहून हाक मारीन. उघडायचं नसेल तर नको उघडूस. पण तसं असेल तर आधी लिहून कळव, आणि तो शब्द घडीत जाणार नाही असा लिही.

तुझी तीन महिन्यांची ताई

२ ऑक्टोबर
(पोस्टकार्ड)

ताई,

रविवारी घरीच आहे. डबा करून ठेवते.

उघडीन. पहिल्या हाकेला नाही.